गजेंद्राची सोंड

२ जुलै १९६१
टी. टी. नगर, भोपाळ

बाबा आजही आईला म्हणाले, "त्याला म्हणावं, स्टोव्हची पिन आण." मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावरच बसलो होतो. फेब्रुवारीत जबलपूरचं कॉलेज सोडून आलो तेव्हापासून माझ्याशी थेट बोलणं बंद, सगळं आईमार्फत. मीही आईलाच म्हणालो, "त्यांना म्हणावं, आणतो." आई म्हणाली, "मी काय टेलिफोन ऑफिस आहे?"

कॉलेज का सोडलं ते सगळ्या क्वार्टरांना ठाऊक आहे. वर्कशॉपचा मास्तर चारचौघांत म्हणाला, कारकुनाच्या पोरानं कारकुनीच करावी, आणि मी हातातली कानस भिरकावली. त्याला लागली नाही. माफी मागितली असती तर ठेवून घेणार होते. मी कशाला मागतोय!

पण आजची बातमी दुसरीच आहे. संध्याकाळी गोपीनाथराव पाठकांच्या व्हरांड्यात मराठी मंडळाची सभा झाली. गोपीनाथराव म्हणजे बाबांच्या ऑफिसातले सुपरिंटेंडेंट, मंडळाचे अध्यक्ष आणि नलिनीचे वडील. (हे उलट्या क्रमानं लिहायला हवं होतं.) छप्पन साली ऑफिस नागपूरहून उचलून इथे आणलं, त्याबरोबर आम्ही सगळे आलो, पण सभेत बसलं की अजून सगळे नागपूरलाच असतात. "आपल्याकडे गणपतीत देखावे हलायचे," कुणीतरी म्हणालं, "इथे आमचा देखावा म्हणजे फोटो काढायला बसवलेला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी हलवतो."

अच्युत लिमये तिथेच होता. पिपलानीच्या नव्या कारखान्यात ज्युनियर इंजिनियर, पुण्याचा, इस्त्रीची पँट. म्हणाला, "कशानं?"

"पंख्याच्या मोटरनं."

तो हसला. मला ते हसू आवडलं नाही. गजेंद्रमोक्ष करायचं ठरलं: तळ्यात मगरीनं हत्तीचा पाय धरलाय आणि हत्ती सोंडेत कमळ धरून विष्णूला वर दाखवतोय. सोंड वर जायला हवी, खाली यायला हवी. गोपीनाथराव म्हणाले, "दहा दिवस चालवून दाखव, नीळकंठ. मग कारखान्याच्या ट्रेनिंग स्कूलला तुझं नाव लावायचं मी अच्युतरावांना सांगेन."

ट्रेनिंग स्कूल, मग नोकरी, मग पिपलानीत क्वार्टर, मग गोपीनाथरावांना मान वर करून विचारता येईल. एवढं सगळं एका सोंडेवर आहे.

नलिनीनं चहा आणला. माझ्या कपात साखर जास्त होती. अच्युतच्या कपात ती साखर घालतच नाही, मी दोनदा पाहिलंय. समजायचं ते मी समजलो.

९ जुलै

गोपीनाथरावांनी घरचा टेबलपंखा दिला. पाती काढली. बांबूची सोंड करून टोकाला विटा बांधल्या, तार मोटरच्या आसाला गुंडाळली, बटण दाबलं. मोटर नुसती गुणगुणली. सोंड जागची हलली नाही.

मग तार सोडली, तर आस असा फिरला की दिसेना. इतका वेग! आणि दोन बोटांत धरला की थांबतो. एवढं धावणारं यंत्र दोन विटा उचलू शकत नाही? दिवसभर मी त्याच्यावर चिडलो आणि संध्याकाळी चिडायचं विसरून नुसता बघत बसलो.

१३ जुलै

जुन्या शहरात कबाडखान्यात गेलो. तिथे भोपाळच्या नवाबीपासूनचं लोखंड पडलेलं आहे. दातेरी चाकांना तिथे गरारी म्हणतात. दोन छोटी, दोन मोठी निवडली. विचारलं, "बड़े मियाँ, ये किस मशीन की हैं?" तो म्हणाला, "मियाँ, घूमती थीं, अब नहीं घूमतीं। इतना मुझे मालूम है।"

छोट्याला बारा दात, मोठ्याला साठ. दात मोजणं मला आवडतं असं आज लक्षात आलं. कॉलेजात हेच मोजायला लावत तेव्हा झोप यायची.

२१ जुलै

छोटं चाक पाच वेळा फिरतं तेव्हा मोठं एकदा. हे पोरालाही दिसतं. वेग पाचवा हिस्सा झाला. पण जोर? मोठ्या चाकाचा आस मी मुठीत धरला तर हिसडा देऊन सुटला! मोटर तीच, वीज तीच. हा जोर आला कुठून?

दोन दिवस हेच डोक्यात. आज मी जेवत होतो आणि आई शेजारी जात्यावर भाजणी दळत होती. मी म्हटलं, "आई, खुंटा कडेला का असतो? मधे का नाही?"

"मधे असता तर तुझ्या बापानं फिरवला असता का? मला तर फिरलाच नसता."

जेवण टाकून उठलो. तेच आहे ते! छोट्या चाकाचा दात मोठ्याच्या दाताला ढकलतो, तेव्हा दोन्ही दातांवर रेटा सारखाच. पण मोठ्या चाकाचा दात आसापासून लांब आहे, जात्याच्या खुंट्यासारखा. जितका लांब, तितकी फिरवायची ताकद जास्त. पुस्तकात टॉर्क म्हणून शिकवला होता तो हाच, मेला! आणि फुकट काही नाही: पाचपट जोर हवा तर पाचपट फेरे मोजून द्यायचे. त्यातलं थोडं घासण्यात जातं, चाकं गरम होतात, ते वेगळंच.

पहिल्या मोठ्या चाकाच्याच आसावर दुसरं छोटं बसवलं आणि त्यानं दुसरं मोठं फिरवलं. पाचाचे पंचवीस झाले. बेरीज नाही, गुणाकार! आईला सांगितलं. ती म्हणाली, "भाजणी सांडलीस तेवढी भर."

३० जुलै

नलिनी बघायला आली होती. मी पंख्याचा आस तिला दोन बोटांनी थांबवायला लावला. थांबला. मग म्हटलं, आता हा शेवटचा धर. तिनं दोन्ही हातांनी धरला आणि बांगड्या वाजत राहिल्या, आस फिरतच राहिला.

"अगंबाई! हा तर ऐकतच नाही!"

"ऐकणार नाही," मी म्हणालो.

मग तिनं विचारलं, "नीळूभाऊ, तुम्ही पिपलानीला जाता ना? तिथल्या क्वार्टरांत पाणी दोन्ही वेळ येतं का हो? बाजार जवळ आहे?"

'नीळूभाऊ' मी सोडून दिलं, क्वार्टरांत सगळेच म्हणतात. पण मुलगी पाण्याचं विचारते म्हणजे काय? माझी नोकरी अजून लागलेली नाही आणि ती बाजारापर्यंत पोचली! मी सांगितलं, पाणी भरपूर, बाजार दारात. खरं म्हणजे मला काहीच माहीत नाही. पुढच्या रविवारी जाऊन बघून येतो.

६ ऑगस्ट

पिपलानीला गेलो. नलिनीनं चिवड्याचा डबा दिला होता, "जाताच आहात तर लिमयांना द्या, बिचारे मेसचं खातात." मन मोठं आहे तिचं. अच्युतनं डबा घेतला आणि मागच्या वेळचा रिकामा धुऊन परत दिला, आत पेरू भरून. पेरू मी तिला पोचवले. ती खूश झाली. मला एक दिला.

पाणी दोन्ही वेळ येतं. बाजार बसनं.

येताना बसमधे एक गंमत सुचली, घरी येऊन करून पाहिली. पहिलं आणि शेवटचं चाक तेच ठेवून मधे तिसरं एक घातलं. वाटलं, हिशेब बदलेल. मुळीच नाही! मधलं कितीही दातांचं घ्या, छोटं घ्या, मोठं घ्या, शेवटच्याचा वेग तोच. मधलं नुसतं इकडचं तिकडे पोचवतं आणि फिरण्याची दिशा उलटी करतं. त्याचे दात हिशेबात येतच नाहीत. फार नवल वाटलं. नलिनीला सांगितलं तर ती उगाचच गप्प झाली.

२० ऑगस्ट

मूर्तिकारानं हत्ती आणून ठेवला, कागदाचा लगदा आणि बांबू, पण सोंड भलती जड. शेवटची एक पायरी कमी पडतेय. सायकलची साखळी आणि चाकं मिळाली तर काम होईल, असं मी आईजवळ बडबडलो होतो.

आज आई म्हणाली, "ते म्हणतात, सायकल गंजलीय, आता काही ती चालवायची नाही. लागेल ते काढून घे म्हणावं."

मी लगेच काढलं. सायकल धावायला केलेली असते, म्हणून पायडलचं चाक मोठं आणि मागचं छोटं. मी उलटं लावलं: छोट्यानं मोठं फिरवायचं. आता मोटरपासून पट्टा, मग दोन जोड्या, मग साखळी. शेवटच्या आसावर एक आडवा दांडा, त्याच्या टोकाला सोंडेची तार: अर्ध्या फेऱ्यात सोंड वर, अर्ध्यात खाली. आसाला बोट काय, मी लटकलो तरी फिरतो.

बाबा पायी ऑफिसला जायला लागलेत. डॉक्टरांनी सांगितलं असेल.

२६ ऑगस्ट

आज राखी. भोपाळात हा सण फार जोरात. मी पहाटेच कबाडखान्यात जाऊन बसलो, दिवसभर काही न घेता गरारींची उलथापालथ करत. बड़े मियाँ म्हणाला, "मियाँ, घर में बहनें नहीं हैं क्या?" मी म्हटलं, नहीं हैं, और चाहिए भी नहीं।

संध्याकाळी घरी आलो तर आई म्हणाली, "नलिनी दोनदा येऊन गेली. राखी देवघरात ठेवलीय." राहू दे देवघरात.

५ सप्टेंबर

मंडळासमोर पहिली चाचणी. बटण दाबलं, मोटर घूं घूं करू लागली आणि सोंड संथपणे उठली. मला रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात अच्युत म्हणाला, "नीळकंठराव, हत्तीला ताप आहे का? सोंड वर पोचेपर्यंत मगर म्हातारी व्हायची!"

सगळे हसले. नलिनीही पदर तोंडाला लावून हसली. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "परवा बघा!" आणि पाना घेऊन देखाव्याच्या फळ्यांखाली शिरलो.

एक जोडी काढून टाकली. सोंड आता पाचपट वेगानं उठते, सलाम ठोकल्यासारखी. जोर पाचवा हिस्सा उरला हे मला कळतं, पण सोंडेला तेवढा पुरतो, मी तपासलंय. नलिनी जाताना म्हणाली, "मला तर हळूच आवडला होता." समजूत घालत होती माझी.

१३ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

संपलं सगळं.

सकाळी छान चाललं होतं. पोरं टाळ्या पिटत होती. संध्याकाळी बायका आल्या. खरा गणपती बाजूला मखरात बसलाय, पण सोंड हलवून नमस्कार करणारा हत्ती समोर दिसल्यावर मखराकडे कोण बघतंय! एकीनं सोंडेत दूर्वांची जुडी अडकवली. दुसरीनं हार घातला. मी ओरडत होतो, "अहो, हा गणपती नव्हे, हा गजेंद्र आहे!" एक आजी म्हणाल्या, "सोंड आहे ना? मग झालं तर." मग कुणी जास्वंदीचा हार, कुणी पेढ्यांची पुडी, आणि शेवटी त्याच आजींनी नवसाचं नारळाचं तोरण काढलं आणि सोंडेला बांधलं.

सोंड अर्ध्यावर थांबली. मोटर गुणगुणली, अगदी पहिल्या दिवसासारखी, मग धूर, मग जळका वास. गोपीनाथरावांचा पंखा गेला.

गोपीनाथराव शांतपणे म्हणाले, "राहू दे, नीळकंठ. उभा हत्तीसुद्धा चांगला दिसतो." त्या शांतपणानं मला जास्त लागलं. अच्युत वाकून खाली बघत होता. म्हणाला, "जोडी काढलीस का रे? पहिली रचना उत्तम होती. मी चेष्टा केली होती, लेका." मी म्हणालो, तुमची चेष्टा तुमच्याजवळ ठेवा. आणखीही काही म्हणालो.

ज्या जोडीत जोर होता तीच मी काढली. आणि फजिती झाली ती नलिनीसमोर.

१४ सप्टेंबर

झोप लागली नाही म्हणून विचार केला. मोटर गेली. पण मोटर म्हणजे काय, फिरवणारं काहीतरी. माझा हात फिरत नाही का?

काढलेली जोडी परत बसवली. पट्टा टाकून दिला, हाताला तो नको, हात काही पंख्याइतका पळत नाही. पहिल्या आसावर बाबांच्या सायकलचं पायडल दांडीसकट ठोकलं. झालं हँडल. हार, तोरण, नारळ सगळं तसंच ठेवून फिरवून पाहिलं. लोण्यासारखं! सोंडेवर गावभराचा नवस आणि माझ्या हाताला भार नाही. फक्त फिरवायचं खूप, आणि सोंड इतकी हळू जाते की फिरवणाऱ्याला वाटावं काही होतच नाही.

संध्याकाळी आरती सुरू झाली तेव्हा फिरवायला लागलो. वर टाळ्या आणि झांजा. आरतीचं पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि मग एकदम "अहाहा" ऐकू आलं. तेव्हा सोंड वर पोचली असणार.

१९ सप्टेंबर

रोज आरतीला मी खाली असतो. फळ्यांखाली एकच माणूस नीट मावतो, समोर हत्तीच्या पोटाचा बांबू. ऐकू सगळं येतं, दिसत काही नाही. लांब जुन्या शहरातल्या इतवाऱ्यापासून लोक येतात म्हणे. आता सोंडेला हार घालायला रांग लावतात. घाला, बाबांनो!

आज आरती नुकतीच सुरू झाली होती आणि पडदा हलला. बाबा. धोतर खोचून, ऑफिसच्या कोटासकट, गुडघ्यांवर रांगत.

"सर तिकडे."

मागे आई आहे का ते मी पाहिलं. नव्हती.

"जा, बघून ये," ते म्हणाले. "सगळ्या गावानं पाहिलं, तू सोडून."

"थांबवायचं नाही हं. आणि जोरात नाही, एकसारखं..."

"कळतं. नागपूरला रहाट ओढलाय मी." त्यांनी माझ्या हाताखालून हँडल धरलं, फेरा न मोडता.

मी बाहेर आलो. गर्दीच्या मागे उभा राहिलो. हत्ती पाण्यात गुडघ्यापर्यंत, अंगभर हार, आणि सोंड उठत होती. कुणी ओढतंय असं वाटतच नव्हतं. जणू हत्तीच ठरवत होता, अजून थोडं, अजून थोडं. एवढ्या नारळांसकट. हे मी केलं?

"किती शांत उचलतो हो!" नलिनी पुढेच उभी होती. तिच्या शेजारी एक बाई होत्या, त्यांनी तिच्या केसांत नुकताच गजरा माळला होता. नलिनीच्या आई माझ्या हातात पेढा ठेवत म्हणाल्या, "घे रे नीळू, साखरपुड्याचा. या अच्युतरावांच्या आई, मुद्दाम पुण्याहून आल्यात. दुपारी घरच्या घरीच उरकलं." अच्युत पलीकडे उभा होता. त्याच्या हातात तिची छत्री होती.

वाटलं, आत जावं, साखळी काढून टाकावी, सोंड धाडकन खाली यावी, सगळ्यांच्या अंगावर पाणी उडावं. दोन पावलं टाकलीसुद्धा.

पण सोंड अजून वर जात होती. माझ्यापेक्षा हळू, आणि मधे क्षणभर थांबून पुन्हा. थांबली की मला कळत होतं, बाबांनी हात बदलला.

मी आत रांगत गेलो. "पाहिलंस?"

"हो. द्या आता."

"आरती संपेपर्यंत मी फिरवतो. तू बस." मी त्यांच्या पायाशी अंग चोरून बसलो. फिरवता फिरवता म्हणाले, "पाठकांकडचा पेढा खाल्लास?"

"नाही. हातात आहे."

"मीही परत केला."

बाबांना पेढे जीव की प्राण. का परत केला असेल, कळलं नाही.

२४ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. गणपती तलावात गेला, हत्ती मंडळाच्या खोलीत. दहा दिवसांतला तो एक सोडला तर हत्ती रोज हलला, म्हणून गोपीनाथरावांनी शब्द पाळला. अच्युत स्वतः ट्रेनिंग स्कूलचं सांगायला आला. मी आधी दार लावून घेणार होतो. तो म्हणाला, "आमच्याकडे एक दातेरी चाक आलंय, माणसापेक्षा उंच. तुला दाखवायचं होतं." मी विचारलं, दात किती? तो म्हणाला, मोजले नाहीत. इंजिनियर म्हणे! सोमवारनंतर जाऊन मोजून येणार आहे. पिपलानीतल्या क्वार्टरांकडे बघणार नाही.

देवघरातली राखी आईनं उचलून कुठेतरी ठेवली. मी विचारलं नाही.

दुपारी यंत्र सोडवलं आणि बाबांच्या सायकलला तिची दातेरी चाकं आणि साखळी परत लावायला बसलो. सांगाड्याला कुठेच गंज नाही. मूठ चकचकीत, पायडलचा आसही नुकता तेल घातल्यासारखा. आईला म्हटलं, "गंजलीय म्हणाली होतीस ना?"

"ते म्हणाले होते," आई तांदूळ निवडत म्हणाली.

मी पाना खाली ठेवला. मग कबाडखान्यात जाऊन मागच्या चाकासाठी चांगलं मोठं, जास्त दातांचं चाक घेऊन आलो.

२५ सप्टेंबर

सकाळी बाबांना म्हटलं, "बसा मागे, ऑफिसला सोडतो." ते म्हणाले, "तलावाकडून चढ आहे. दोघं बसलो तर ओढणार नाही. चढावर मी उतरून चालेन." मी म्हटलं, बसा तर खरं.

सपाटीवर पाय वेड्यासारखे फिरत होते आणि सायकल रेंगाळत होती. टांगेवाले हसून पुढे गेले. चढ लागला. माझे पाय तसेच फिरत राहिले, सायकलही तशीच रेंगाळत राहिली, पण थांबली नाही. बाजूनं एक बकरी आमच्या पुढे निघून गेली.

"उतरू का?" बाबांनी दोनदा विचारलं.

"नको."

ऑफिसच्या फाटकापर्यंत ते उतरले नाहीत.